काटेकोर शेतीचे विद्यालय : प्रस्तावना

पेशवाई बुडाल्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत इंदापूर तालुक्यातील जमिनीची मोजणी दोनदा झाली, आणि त्या दोन मोजण्यांची हकीकत ज्याने लक्षपूर्वक वाचली असेल त्याला, उपग्रह, संवेदक आणि संगणक यांच्या साहाय्याने आज जी शेती होऊ पाहते आहे तिचे मर्म कोठे आहे आणि तिला धोका कोठून आहे, हे निराळे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. पहिली मोजणी प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने केली. हा गृहस्थ अर्थशास्त्राचा व्यासंगी होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न किती, लागवडीचा खर्च किती, आणि खर्च वजा जाता निव्वळ शिल्लक किती, याचा सूक्ष्म हिशेब मांडून त्या शिलकेचा ठराविक हिस्सा सरकारने सारा म्हणून घ्यावा अशी त्याची योजना होती, आणि कागदावर ती निर्दोष दिसत होती. परंतु ज्या मोजणीवर तो हिशेब उभा होता ती ढिलाईने झालेली होती, आणि ज्या आकड्यांवर तो बेतला होता ते हाताखालच्या माणसांनी चुकीचे, कित्येकदा जाणूनबुजून खोटे भरलेले होते. हिशेब जितका सूक्ष्म तितकी चूक अधिक खोल गेली. सारा जमिनीला पेलेना, शेते पडीक पडली, आणि कित्येक कुळे घरदार टाकून शेजारच्या मुलखात निघून गेली.

त्यानंतर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच तालुक्यात नव्याने काम आरंभिले. निव्वळ उत्पन्नाच्या तात्त्विक हिशेबाची खटपट त्यांनी सोडून दिली आणि माणसे शेतात पाठविली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात जी पद्धत कायम झाली तिच्याप्रमाणे, प्रतबंदीचा कामगार मोजणी नंबराचे काल्पनिक भाग पाडी, प्रत्येक भागात खणून मातीची खोली आणि रंग पाही, खोली पावणेदोन हात आहे की पाव हात, माती काळी आहे की तांबूस की मुरमाड, हे टिपून घेई, चुनखडी, वाळू, उतार असे जे दोष आढळतील त्यांच्या खुणा नकाशात त्या त्या भागात करी, आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतच्या नऊ प्रतींत त्या भागाची किंमत बसवी. एकाच शेताच्या एका कोपऱ्यात चौदा आण्यांची माती आणि दुसऱ्यात साडेचार आण्यांची, हे त्या कागदावर स्पष्ट दिसे. शेत एक नसते, बांधाच्या आत अनेक शेते असतात, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेले सत्य येणेप्रमाणे आपल्या मुलखात सरकारी दस्तऐवजावर चढले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या लिन्सली आणि बाउअर या दोघांनी, शेताचे चौकोन पाडून जागोजाग मातीची आम्लता तपासावी, तिचा नकाशा करावा आणि जेथे जितका लागेल तितकाच चुना टाकावा, असे सांगणारे परिपत्रक काढले ते १९२९ साली. काटेकोर शेतीचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक तेथून आरंभ करतात. मी इंदापुरापासून केला, आणि तो स्वदेशाभिमानाने केलेला नाही. प्रिंगलच्या मोजणीतून निघणारा बोध मला इतरत्र इतका स्वच्छ आढळला नाही: हिशेबाची सूक्ष्मता मोजणाऱ्याच्या तयारीच्या पलीकडे गेली, की ती सूक्ष्मताच रयतेच्या गळ्याशी येते. आणि विंगेटच्या प्रतबंदीतूनही एक उणीव दिसते, ती अशी की तो सुंदर नकाशा सरकारच्या दप्तरात जाऊन पडला. ज्याच्या पायाखालच्या मातीचा तो नकाशा, त्याला त्यातून फक्त साऱ्याचा आकडा कळला.

मोजणारा माणूस कसा तयार करावा, आणि त्याने काढलेला नकाशा शेतकऱ्याच्या हातात कसा राहावा, या दोनच प्रश्नांसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

‘काटेकोर शेती’ हा शब्द मराठीत आता रुळला आहे, आणि मला तो मनापासून आवडतो, कारण त्यात तराजूचा काटा दिसतो. सबंध शेताला सरसकट एक माप न लावता, शेताच्या ज्या भागाला ज्या वेळी जितके पाणी, जितके खत, जितके बी, जितके औषध लागेल तितकेच त्या भागाला त्या वेळी देणे, आणि दिल्याचा व मिळाल्याचा जागेनिशी हिशेब ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. चांगला शेतकरी हे नेहमीच करीत आला. चोपणाच्या पट्ट्यात तो पाभर निराळी धरतो आणि बांधाच्या सावलीत खताची मूठ आखडती घेतो. पण शेत पाचशे एकरांचे झाले आणि माणूस बंद केबिनच्या यंत्रात बसला, तेव्हा ही पायाखालची ओळख तुटली, आणि ती यंत्राच्या द्वारे पुन्हा जोडण्याची गरज उत्पन्न झाली. म्हणून ही विद्या अमेरिकेच्या मध्यभागातील मक्याच्या आणि गव्हाच्या मुलखात प्रथम वाढली. आयोवा राज्यातील एम्स गावी अ‍ॅल मायर्स या अभियंत्याने कापणीयंत्रावर बसविण्याचा उत्पन्नमापक १९९२ साली बाजारात आणला. त्याच दशकात उपग्रहांची स्थाननिश्चितीची व्यवस्था पुरी झाली. आणि १ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकल्यावर, जो साधा ग्राहक तोवर शंभर मीटरपर्यंत चुके, तो एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या आत आला. जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्तीचा संदेश घेणारे यंत्र तर दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत पोहोचते.

यंत्रे आली, आणि ती नीट चालविणारी, दुरुस्त करणारी, त्यांनी काढलेला नकाशा वाचून शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगणारी माणसे मात्र मिळेनात.

येथे वाचकाला तिकडच्या शिक्षणव्यवस्थेची थोडी ओळख करून देणे भाग आहे, कारण तिच्या रचनेतच या पुस्तकाच्या विषयाचे मूळ आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेत प्रत्येक राज्याला जमिनी देऊन शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये काढविली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगक्षेत्रे जोडून दिली. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तेथील ज्ञान खेड्यापाड्यांत नेणारी विस्तारसेवा उभी केली. संशोधक झाला, प्रचारक झाला. या दोहोंच्या मधला, हाताने काम करणारा पण त्या कामामागचे शास्त्र जाणणारा जो माणूस, त्याची शाळा मात्र निराळ्या वाटेने आली. शिकागोजवळील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले दोन वर्षांचे कॉलेज हे अशा सार्वजनिक संस्थांतील सर्वांत जुने मानतात. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी केले. आयोवाने १९६५ च्या कायद्याने सबंध राज्याची विभागणी अशा कॉलेजांच्या टापूंत केली. आज तेथे असे पंधरा टापू आहेत, प्रत्येकाचे नियामक मंडळ तेथील मतदार निवडून देतात, आणि स्थानिक करातला एक अंश त्या कॉलेजाकडे जातो. आपल्या जुन्या भाषेत बोलायचे तर हे परगण्याचे विद्यालय होय. परगण्यात जे पिकते, जे मोडते, जे अडते, त्याच्याशी त्याचे नाते. विद्यार्थी बहुधा वीस-पंचवीस कोसांच्या आतला, आणि शिकून झाल्यावर तेथेच राहणारा.

१९९२ साली अमेरिकी काँग्रेसने तंत्रज्ञ-शिक्षणासंबंधी एक कायदा केला आणि त्याअन्वये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने दोन वर्षांच्या कॉलेजांना अभ्यासक्रम उभारण्यासाठी रकमा देण्यास सुरुवात केली. विज्ञानाचा पैसा तोवर विद्यापीठांकडे वाहत असे. तो परगण्याच्या विद्यालयाकडे वळविण्याचा हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो. आयोवातील सीडर रॅपिड्स येथील कर्कवुड कॉलेज, इलिनॉयमधील शॅम्पेनचे पार्कलंड कॉलेज, नॉर्थ डकोटातील डेव्हिल्स लेक या लहानशा गावचे लेक रीजन कॉलेज, अशा संस्थांत काटेकोर शेतीचे शिक्षण रुजत गेले. विशेष म्हणजे काटेकोर शेतीची चार वर्षांची पदवी अमेरिकेत प्रथम साउथ डकोटा राज्य विद्यापीठाने सुरू केली ती २०१६ च्या सुमारास, म्हणजे दोन वर्षांची कॉलेजे ही विद्या शिकवू लागल्यानंतर पुष्कळ काळाने. विद्या वरून खाली उतरते असे आपण गृहीत धरतो. येथे ती गुदामातून आणि दुरुस्तीच्या शेडमधून वर चढली.

आता अभ्यासक्रम उभारणे म्हणजे काय, याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे अभ्यासक्रम समितीत जन्मतो, आणि समितीत बहुधा ज्यांनी ते काम कधी हाताने केलेले नाही असे विद्वान असतात. तिकडच्या तंत्रशिक्षणात रूढ असलेली रीत अशी की, प्रत्यक्ष ते काम करणारे आठ-दहा कुशल कामगार दोन दिवस एका खोलीत बसवावे, अध्यापकांनी तोंड बंद ठेवून ऐकावे, आणि ‘तू सकाळी आल्यापासून काय करतोस’ या प्रश्नाच्या उत्तरातून कामांची यादी भिंतीवर चढवीत जावे. दोन दिवसांनी भिंतीवर जे उभे राहते तो अभ्यासक्रमाचा पाया. या पद्धतीने बसल्यावर जे निघते ते पुस्तकी कल्पनेहून किती निराळे असते, याचा एक नमुना देतो. काटेकोर शेतीचा तंत्रज्ञ दिवसभर उपग्रहचित्रे न्याहाळीत बसत असेल असे दुरून वाटते. वस्तुतः त्याचा पुष्कळसा वेळ जातो तो गंजलेली तारजोडणी शोधण्यात, दोन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलत का नाहीत हे हुडकण्यात, आणि पेरणीच्या ऐन घाईत यंत्र अडल्यामुळे संतापलेल्या शेतकऱ्याला फोनवर धीर देण्यात. तेव्हा विजेचे मंडल, आयएसओ ११७८३ या नावाने ठरलेली ट्रॅक्टर व अवजारे यांची सामाईक भाषा, आणि माणसाशी नीट बोलणे, हे तिन्ही विषय अभ्यासक्रमात आले पाहिजेत, आणि तिसरा कोणी शिकवायचा हे ठरविणे सर्वांत कठीण.

परंतु सर्व विषयांच्या तळाशी जो विषय आहे, आणि ज्याला मी या पुस्तकात सर्वाधिक पाने दिली आहेत, तो म्हणजे काटा जुळविण्याचा. कापणीयंत्रावरील उत्पन्नमापकाचे उदाहरण घ्या. धान्य यंत्राच्या आत वर चढून एका पट्टीवर आदळते, त्या आघाताच्या जोरावरून दर क्षणी किती धान्य आले याचा अंदाज यंत्र बांधते, आणि त्या क्षणीचे स्थान उपग्रहावरून घेऊन नकाशात ठिपका मांडते. पण कणीस कापले गेल्यापासून दाणा त्या पट्टीवर आदळेपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. यंत्र ताशी चार मैल चालत असेल तर दहा सेकंदांत ते सुमारे ६० फूट पुढे गेलेले असते. हा अवधी नीट भरला नाही, तर प्रत्येक दाण्याची नोंद ६० फूट पुढे पडते. परतीच्या फेरीत ती उलट दिशेला ६० फूट सरकते. आणि नकाशात एका आड एक अशा दातेरी पट्ट्या उमटतात, ज्या मातीत कोठेच नाहीत. शिवाय आघाताचा अंदाज खऱ्या वजनाशी जुळवायचा तर त्या धान्याची गाडी वजनकाट्यावर नेऊन, काट्याचा आकडा यंत्रात भरावा लागतो, आणि तो एकदा भरून भागत नाही. पीक बदलले, ओल बदलली, की पुन्हा. हे काम कंटाळवाणे आहे, कापणीच्या गर्दीत ते टाळण्याकडे प्रत्येकाचा कल असतो, आणि ते टाळले की रंगीत, देखणा, सर्वस्वी खोटा नकाशा हाती येतो, ज्याच्या भरवशावर पुढल्या वर्षी हजारो डॉलरांचे खत टाकले जाते. प्रिंगलची मोजणी ती हीच. उसाच्या पट्ट्यातील आपल्या शेतकऱ्याला वजनकाट्याचे महत्त्व कोणी सांगायला नको. काट्यावरून झालेली भांडणे त्याने पाहिलेली आहेत. यंत्राचा काटाही त्याच नजरेने तपासावा लागतो, एवढेच त्याला दाखवून द्यायचे आहे.

आपल्याकडचाही एक प्रसंग सांगतो. माझ्या परिचयाच्या एका द्राक्षबागायतदाराने काही वर्षांपूर्वी, एका कंपनीच्या माणसाच्या आग्रहावरून, बागेत मातीची ओल मोजणारी नळी बसवून घेतली. नळी बसविणारा मुलगा घाईत होता. त्याने नळीहून मोठे भोक पाडले, नळी आत सोडली आणि भोवती कोरडी माती लोटून तो निघून गेला. काळ्या मातीत असे करून चालत नाही. नळीच्या अंगाला माती घट्ट बसावी म्हणून त्याच मातीचा गारा करून भोकात ओतावा लागतो, नाही तर मध्ये हवेची फट राहते, आणि यंत्र त्या हवेची ओल मोजते. या बागेत ते मोबाइलवर दररोज ‘कोरडे’ सांगत राहिले, आणि बागायतदार दररोज ठिबक सोडीत राहिला. पंधरवड्याने पाने पिवळी पडू लागली तेव्हा मी सहज गेलो होतो. तो मला म्हणाला, “साहेब, यंत्र म्हणतंय कोरडं, पण पाय तर रुततोय.” मी विचारले, “मग पायाचं का ऐकलं नाही, आबा?” त्यावर त्याने जे उत्तर दिले ते मी अजून विसरलेलो नाही: “पाय माझा अडाणी, यंत्र शिकलेलं.” चार पिढ्यांचा वाफसा ज्याच्या तळव्यात आहे त्या माणसाने एका फटीपुढे आपले ज्ञान खाली ठेवावे, याचे मला अतोनात दुःख झाले. त्या मुलालाही मी दोष देत नाही. त्याला गाऱ्याची गोष्ट कोणी शिकविलीच नव्हती. त्याला विकणे शिकविले होते. गारा ओतायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे का द्यायची हे समजावयाला मातीचे, पाण्याचे आणि विजेचे मिळून निदान सहा महिन्यांचे शिक्षण लागते. ते सहा महिने कोठे द्यावेत, हाच आपल्यापुढचा सवाल आहे.

अमेरिकी कॉलेजांना ज्या अडचणी आल्या त्या मी लपवून ठेवलेल्या नाहीत, कारण त्या आपल्यालाही येणार. चांगला शिकलेला तंत्रज्ञ यंत्रविक्रेत्याकडे जितका पगार मिळवितो तितका कॉलेज देऊ शकत नाही, म्हणून अध्यापक टिकत नाहीत. यंत्रे महाग आणि चार-पाच वर्षांत जुनी होणारी, म्हणून कॉलेजे ती विक्रेत्यांकडून उसनी किंवा दान घेतात, आणि दानाबरोबर एकाच कंपनीच्या रंगाची सवय विद्यार्थ्याच्या डोळ्यांना लागते; ज्याने एकच पडदा पाहिला तो दुसऱ्या पडद्यापुढे हतबल होतो. शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आणि पेरणी-कापणीचे वेळापत्रक एकमेकांच्या विरुद्ध चालतात. हंगाम भरात असतो तेव्हा परीक्षा, आणि वर्ग रिकामे असतात तेव्हा शेतही रिकामे. याला तिकडे उपाय काढला तो असा, की हंगामाचे काही महिने विद्यार्थ्याला विक्रेत्याकडे, सहकारी संस्थेकडे किंवा शेतावर पगारी उमेदवारीला धाडावे आणि ती उमेदवारी अभ्यासक्रमाचा भाग धरावी. ‘उमेदवारी’ हा आपला जुना शब्द मला या ठिकाणी फार योग्य वाटतो. कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करणाऱ्या उमेदवारापेक्षा या उमेदवाराची स्थिती अर्थातच पुष्कळ बरी.

याहून नाजूक प्रश्न दप्तराच्या मालकीचा आहे. शेतकऱ्याच्या शेतातून गोळा झालेले आकडे कंपनीच्या संगणकात जातात. त्यांवर हक्क कोणाचा, ते कोणाला दाखवावे, करार संपल्यावर ते परत मिळावेत की नाही, याविषयी अमेरिकेतील शेतकरी संघटना आणि कंपन्या यांनी मिळून २०१४ साली काही तत्त्वे मान्य केली, त्यांत आकडे शेतकऱ्याच्या मालकीचे हे तत्त्व पहिल्या प्रतीचे आहे. ती तत्त्वे कायदा नव्हेत, संमती आहेत. म्हणून या पुस्तकातील पाठ्यक्रमात मी करारनामा वाचण्याचा एक स्वतंत्र पाठ घातला आहे. कोणी म्हणेल, तंत्रज्ञाला हे कशाला? मला वाटते, ज्या मुलखात तीन-चार पिढ्यांनी खतावणी आणि सावकाराचा कागद न वाचता आंगठा उमटविला, त्या मुलखात शेताचा नवा कागद वाचता येणारा माणूस तयार करणे हे शिक्षणाचे पहिलेच काम आहे.

परदेशाच्या या गोष्टी आपल्याला परक्या वाटू नयेत यासाठी एका मराठी माणसाचे नाव येथे घेतले पाहिजे. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर पक्षाच्या आद्य क्रांतिकारकांपैकी एक, हे आपल्याला थोडेफार आठवते. अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ पुढे मेक्सिकोत जाऊन चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर त्यांनी संशोधन केले, आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी ‘मुक्त शेतकी शाळा’ काढल्या, हे आपल्याला क्वचितच आठवते. डिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना चितारले आहे. विद्यापीठातली विद्या शेतमजुराच्या हाताला यावी म्हणून विद्यापीठाबाहेर, त्याच्याच वस्तीत शाळा उघडावी, ही कल्पना एका वऱ्हाडी-वैदर्भी वृत्तीच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी अमलात आणली होती. परगण्याच्या विद्यालयाची कल्पना स्वीकारताना आपण कोणाची उसनवारी करतो आहोत असे मानण्याचे कारण नाही.

तथापि तिकडचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून आणले तर ते येथे चालणार नाही, आणि याचे कारण जमिनीच्या क्षेत्रातच आहे. २०२२ च्या गणनेप्रमाणे अमेरिकेतील सरासरी शेत ४६३ एकरांचे आहे. महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराजवळ २०१५-१६ च्या गणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब-रुंद चौकोन, जुन्या मोजणीच्या साखळीइतका. सुमारे दहा मीटर. साध्या मोबाइलचे स्थान पाच मीटरांनी चुकले तरी अर्धा गुंठा इकडचा तिकडे होतो. आयोवात जी चूक चालून जाते ती येथे शेजाऱ्याच्या बांधात शिरते. उलट, सव्वातीन एकरांवर कोणी स्वतःचे महागडे यंत्र घेणार नाही. येथे काटेकोर शेती करायची तर ती एका शेतकऱ्याची करून भागणार नाही, शिवाराची करावी लागेल, आणि तंत्रज्ञ हा शिवाराचा नोकर असावा लागेल. तामिळनाडूत धर्मपुरी आणि कृष्णगिरी या जिल्ह्यांत २००४-०५ पासून ४०० हेक्टरांवर जो काटेकोर शेतीचा प्रकल्प तेथील कृषी विद्यापीठाने चालविला, त्याचे यश मला याच गोष्टीत दिसते. तेथे आकाशातील यंत्रांचा दिमाख थोडा होता. ठिबकातून खत, चांगली रोपे, आणि शेतकऱ्यांचे संघ, असा साधा मेळ होता.

आणि आपल्याकडे सामग्री अगदीच नाही असेही नव्हे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात काटेकोर शेतीचे विकास केंद्र आहे. चारही कृषी विद्यापीठांच्या छायेखाली मराठीतून पदविका देणारी कृषी तंत्र विद्यालये आहेत. १९९५ साली पुदुच्चेरी विद्यापीठाने पहिले कम्युनिटी कॉलेज काढल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानेही तशी योजना आखली. सर्वांत आशादायक गोष्ट मला भूमी अभिलेख खात्यात दिसते. शंकू-साखळी आणि फलकयंत्र यांच्या जागी भूकरमापकाच्या हातात आता रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून स्थान घेणारा फिरता ग्राहक, आला आहे, आणि त्याला दुरुस्तीचा संदेश देणारी स्थिर केंद्रे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने महाराष्ट्रभर उभी राहिली आहेत. आयोवातील ट्रॅक्टरच्या टपावर जे यंत्र बसलेले असते, त्याचाच हा सख्खा भाऊ. ज्या संदेशावर शेताची हद्द ठरते त्याच संदेशावर पेरणीची ओळ ठरविता येईल, आणि हा संदेश परगण्याच्या विद्यालयाला विनामूल्य किंवा अल्प मोबदल्यात मिळावा, अशी तजवीज सरकारने केली पाहिजे असे मी आग्रहाने म्हणतो.

या पुस्तकाची मांडणी करताना पहिला पाठ कोणता ठेवावा याचा मी बराच काळ विचार केला. ड्रोनपासून आरंभ केला तर मुले आनंदाने येतात हे मला ठाऊक आहे. पण मी पहिल्या आठवड्यासाठी निराळे काम सुचविले आहे. विद्यालयाजवळचे एखादे दोन-तीन एकरांचे शेत घ्यावे, त्याच्या मालकाला बांधावर बोलावून ठेवावे, ३३ फुटी साखळीने शेताचे भाग पाडावे, आणि प्रत्येक भागात गिरमिटाने भोक घेऊन खोली, रंग, चुनखडी, उतार यांची नोंद, १८४७ च्या कामगाराने केली असती तशी, मुलांनी स्वतःच्या हाताने करावी. मग मालकाला विचारावे, की तुझ्या मते चांगली माती कोठे आणि वाईट कोठे, आणि तो दाखवील त्या खुणा दुसऱ्या रंगाने काढाव्या. उपग्रहाचे चित्र त्यानंतर, तिसऱ्या दिवशी, उघडावे. तिन्ही नकाशे कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत हे पाहण्यात उरलेला आठवडा जाईल, आणि जेथे जुळत नाहीत तेथे पुन्हा गिरमिट घेऊन जावे लागेल. आठवडा संपताना तिन्ही नकाशांची एक स्वच्छ प्रत, मराठीत लिहिलेली, मुलांनी त्या शेतकऱ्याच्या घरी नेऊन द्यावी, आणि पोच घ्यावी. त्या पोचेचा नमुना पहिल्या प्रकरणाच्या शेवटी छापला आहे.